पोलिसांची बुलेट आणि घासलेला नंबर



शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या शेडमधून ठोकाठोकीचा आवाज का येतो, असे बऱ्याच जणांनी विचारले. आम्ही चौघे मिळून पोलीस खात्यातून निवृत्त झालेली एक जुनी बुलेट उभी करीत आहोत. बैहर आणि लांजीच्या बाजूला आपली जी थोडी कुटुंबे विखुरलेली आहेत, त्यांच्या भेटीला पाळकसाहेबांना बसच्या वेळा पाहत जावे लागते. गाडी झाली तर ती त्या कामी येईल. (बालाघाटचे आमचे मराठी हिंदी आणि पोवारीच्या शेजारात वाढलेले. लेथला आम्ही खराद म्हणतो. पुण्या-नगरच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

बुलेट आणि खाकी यांचे नाते जुने आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी निवडली. १९५५ मध्ये इंग्लंडच्या रेडिच गावातल्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी केली आणि मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली. आधी सुटे भाग बोटीने येत आणि इथे फक्त जोडले जात. १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच बनू लागले. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. म्हणून आज एखाद्या इंग्रज माणसालाही जुन्या गाडीचा भाग भारतात शोधावा लागतो. हे ऐकून आम्हांला थोडी मजा वाटते.

आमची गाडी त्याच घराण्यातली. बिडाच्या सिलिंडरची, ३४६ सीसीची, चार गिअरची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. जुन्या कागदावर नंबर एमपी-०३ ने सुरू होतो. मध्य प्रदेशात ही मालिका पोलिसांची. खात्याने कंडम ठरवून तिचा लिलाव केला, एका गृहस्थांनी ती घेतली आणि वर्षानुवर्षे गोठ्यात वैरणीखाली ठेवली. त्यांनी ती मंडळीला दिली तेव्हा टाकीत उंदराचे घरटे होते. एकेरी सीटच्या स्प्रिंगा गंजून एकजीव झालेल्या आणि हँडलजवळ सायरनसाठी पाडलेली भोके तशीच. रंग खरवडला तर खाली रंग, त्याच्याखाली आणखी रंग.

आमच्यात एक काका आहेत, आरक्षक म्हणून भरती होऊन प्रधान आरक्षक म्हणून निवृत्त झालेले. महाराष्ट्रात ज्यांना हवालदार म्हणतात ते. गुडघे गेल्यापासून काका प्रार्थनेला आले की मागच्या बाकावर बसत आणि शेवटचे गीत संपायच्या आत निघून जात. शेडमध्ये मात्र ते आमच्याआधी हजर. पहिल्याच दिवशी त्यांनी टाचेजवळचा न्यूट्रलचा छोटा दांडा डोळे मिटून शोधला आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नक्षली भागात भूसुरुंगाच्या भीतीने पोलीस जीप टाळून पायी किंवा मोटारसायकलने जातात, हे आपण वाचलेले असते. काकांनी ते केलेले आहे. किक मारण्याआधी डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढायचा, पाय हळू दाबत अँपमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग लिव्हर सोडून पूर्ण किक. हे त्यांनी आमच्यातल्या कॉलेजच्या पोराला इतक्या प्रेमाने शिकवले की त्या रविवारी तो पोरगा त्यांच्याशेजारी मागच्या बाकावर जाऊन बसला.

आता भागांचे. पिस्टन, गॅस्केट, केबल, क्लच प्लेट यांची अडचण नाही, नवे मिळते. नकली ओळखायची नजर तेवढी हवी. सिलिंडर खरादवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. अवघड ते जुने, मूळ भाग. हेडलाइटचे जाडजूड आवरण, त्यातला अँपमीटर, खरा मिककार्ब कार्बोरेटर, गिअरबॉक्समधले दात न झिजलेले गिअर. यासाठी गोंदियामार्गे नागपूरच्या फेऱ्या झाल्या. पुण्याला गेलेल्या एका ताईंनी आमच्यासाठी जुन्या बाजारात रविवार घालवला, आणि दिल्लीत शिकणाऱ्या भाच्याने करोल बागेतल्या बुलेटवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कार्बोरेटर त्यालाच मिळाला.

अडले ते क्रँककेसवर. कधीकाळी कनेक्टिंग रॉड तुटून केसच्या डाव्या बाजूला मुठीएवढे भोक पडले होते. केसचे दोन अर्धे जोडीने घडवलेले असतात. एकीचा डावा भाग दुसरीच्या उजव्याला नीट जुळत नाही, क्रँक वाकडा फिरतो. म्हणजे पूर्ण जोडीच हवी. आणि इंजिनाचा नंबर केसवरच कोरलेला असतो.

एका शहरातल्या दुकानदाराने फोटो पाठवला. सुंदर जोडी, आमच्या अंदाजाच्या निम्म्या किमतीत. नंबरच्या जागी मात्र ग्राइंडरने घासलेला चकचकीत पट्टा. म्हणाला, तुमच्या कागदावरचा नंबर ठोकून देतो, कुणाला कळत नाही.

त्या शनिवारी हातोडी थांबली. एकाचे म्हणणे, गाडी देवाच्या कामाला जाणार आहे, आपण थोडेच चोरतोय? दुसऱ्याचे म्हणणे, ज्याची होती त्याला ती आता मिळणार नाहीच, मग पडून राहण्यापेक्षा कामी आलेली बरी. दोन्ही बोलणी आम्हांला पटण्यासारखी वाटली, हे लपवत नाही. काकांनी मग ठाण्यातले सांगितले. मोटारसायकल चोरीला गेली की दूधवाला, शिक्षक, फिरून कपडे विकणारा महिनोन्महिने येऊन विचारत, साहेब, काही लागला का पत्ता? गाडी तोवर कुठेतरी तुकडे होऊन गेलेली असे. मेरठच्या सोतीगंजचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. चोरीच्या गाड्या सुट्या करून विकण्यासाठी बदनाम झालेला तो बाजार २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी बंद केला. असे बाजार चालतात ते आमच्यासारख्या निकडीच्या गिऱ्हाइकावर.

फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे पत्र आम्ही त्या संध्याकाळी मोठ्याने वाचले. पंचवीसच ओव्या आहेत. अनेसिम या नावाचा अर्थ उपयोगी, आणि पूर्वी निरुपयोगी असलेला हा आता उपयोगी झाला, या शब्दखेळावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. आमची नजर त्या दिवशी दुसरीकडे गेली. पौल तुरुंगात आहे, म्हातारा झाला आहे, अनेसिमची त्याला गरज आहे आणि त्याला तो ठेवून घ्यावासा वाटतो. काम सुवार्तेचेच. तरी फिलेमोनाच्या संमतीवाचून तो ठेवत नाही. परत पाठवतो, आणि काही देणे असेल तर मी फेडीन असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. माणसाची आणि लोखंडाची तुलना इथे करायची नाही. पौल अनेसिमला प्रिय बंधू म्हणतो, कुणाची वस्तू नव्हे. पण काम चांगले आहे म्हणून दुसऱ्याला विचारण्याचे टळत नाही, एवढे त्या पत्रातून आमच्या शेडपर्यंत पोहोचले.

दुकानदाराला नको म्हणून कळवले. आमचीच फुटकी केस नागपूरला नेली. एका कारागिराने भोकात तुकडा बसवून आर्गन वेल्डिंग केले, मग दोन्ही अर्धे एकत्र बांधून बेअरिंगच्या जागा खरादवर सरळ केल्या. खर्च त्या फोटोतल्या जोडीपेक्षा जास्त आला आणि पावसाळ्यात सुरू झालेले काम नाताळाच्या पुढे गेले. नंबर मूळचाच आहे, थोडा अस्पष्ट. वेल्ड टिकेल की नाही ते बैहरचा घाट चढल्यावर कळेल.

अशा गाड्या पुढे फारशा मिळणार नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडे जातात. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कारवाईतल्या खास वाहनांना. धुराचा विचार करता नियम योग्यच वाटतो. घासलेल्या नंबरांच्या धंद्यालाही त्याने थोडा आळा बसावा. काकांना मात्र तो ऐकून वाईट वाटले.

इंजिन गेल्या शनिवारी चौथ्या किकला सुरू झाले. अँपमीटर अजून मिळालेला नाही, काट्याच्या जागी सध्या भोक आहे आणि काका नुसत्या पायाच्या अंदाजाने किक मारतात. कुणाच्या माळ्यावर जुन्या बुलेटचा चालू अँपमीटर पडला असेल तर कृपया कळवा. योग्य किंमत देऊ, आणि तो कुठल्या गाडीचा हेही विचारू.