सावली साडेसातची

"अल्ट्रामरीन घ्या. त्यात थोडा बर्न्ट सायना. आता समोरच्या कड्याकडे बघा."

बघितलं आणि अंगावर काटा आला. कड्याची सावली जांभळी होती! काळी नाही, राखाडी नाही. जांभळं खाल्ल्यावर जिभेला रंग चढतो ना, तशी जांभळी. पेठ रोडने जाता-येता हा रामशेज किल्ला मी किती वेळा पाहिला असेल! एवढ्या वर्षांत ती सावली मला एकदाही दिसली नव्हती.

दोन दिवसांची निसर्गचित्रणाची कार्यशाळा होती. शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता, तरी नाव घातलं. पहिला दिवस गोदाघाटावर गेला आणि तो मजेत गेला. नारोशंकराच्या देवळाची घंटा, दुतोंड्या मारुती, पायऱ्यांवर वाळत टाकलेली लुगडी... घाट तुम्हाला चित्र जवळजवळ तयारच देतो. शिवाजी तुपे यांच्यापासून प्रफुल्ल सावंत यांच्यापर्यंत नाशिकच्या जलरंगकारांनी तो इतका रंगवलाय, की तिथे बसलं की हात आपोआप चालतो. पण संध्याकाळी सर म्हणाले, "उद्या उघड्यावर जाऊ. जिथे काढण्यासारखं काहीच नाही, तिथे."

म्हणून मे महिन्यातल्या त्या रविवारी सहालाच निघून आम्ही आशेवाडीत पोचलो. शहरापासून पंधराएक किलोमीटर. गावाच्या मागे रामशेज एकटा उभा. गवत करपलेलं, मुरमाड माती, मध्येच एखादं बोडकं झाड. सगळं खाकी. आमच्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, इथे काढायचं काय?

सरांनी पुठ्ठ्याची चौकट हातात दिली आणि सांगितलं, "डोळे किलकिले करा." मी केले. बारीकसारीक सगळं पुसलं गेलं आणि उरले फक्त उजेडाचे आणि सावलीचे मोठमोठे तुकडे. आणि मग तो डोंगर उलगडायला लागला! सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर, हे भूगोलात पाठ केलं होतं. इथे ते थर मोजता येत होते. उभा कडा, खाली उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कड्यावर सावली, उतारावर ऊन. अख्खं चित्र त्या पट्ट्यांमध्येच बसलेलं होतं, मला फक्त ते उतरवून घ्यायचं होतं.

"आधी सावली पक्की करा," सर फिरता फिरता सांगत होते. "आत्ता साडेसात वाजलेत. सूर्य तुमच्यासाठी थांबणार नाही. सावलीचा आकार पेन्सिलीने बांधून ठेवा, मग दहा वाजता काहीही दिसो, बदलायचा नाही."

आणि कागद! त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मेच्या त्या कोरड्या हवेत पातळ रंगाचा वॉश टाकला की पाण्याची कड डोळ्यांदेखत सुकते आणि नको तिथे रेघ उमटते. माझं पहिलं आकाश असंच फुकट गेलं. मग सरांनी दुसरा जाड कागद घेतला, पाण्याने मागूनपुढून चिंब केला आणि तसाच बोर्डावर चिकटवला. आता कागदाच्या पोटातच ओल होती. वरून निळ्याचा हात फिरवला, खाली क्षितिजाशी पिवळ्या गेरूचा, आणि ते दोन रंग एकमेकांत असे विरघळले, की कुठे निळा संपला ते सांगता येईना. मी श्वास रोखून बघत राहिले. मे महिन्यातलं आकाश असंच असतं, वर निळं आणि खाली धुळीने पिवळट, हेही मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. जलरंगात पांढरा लावत नाहीत, कागदाचा पांढरा राखतात. म्हणजे उतारावरचं ते डोळे दिपवणारं ऊन रंगवायचं कसं? रंगवायचंच नाही! तेवढी जागा सोडायची, शेजारी जांभळी सावली ठेवायची. बस. कोऱ्या कागदातून ऊन पेटतं!

चित्रकार पॉल क्ले १९१४ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियाला गेला होता, जेमतेम दोन आठवडे, आणि तिथल्या उन्हाने त्याचे रंग कायमचे बदलले. चित्रकार वाळवंटाकडे का धाव घेतात, ते मला आशेवाडीच्या माळावर कळलं. हिरवाई नसली की मातीचे रंग बोलायला लागतात. ज्याला मी खाकी म्हणत होते त्यात गुलाबी होता, हळदी होता, करपलेल्या गवताच्या बुडाशी चक्क शेंदरी होता. आणि दूर खाली द्राक्षबागांची एक पट्टी. खरड छाटणीनंतरची नवी फूट, पोपटी, ओली. ब्रशचे दोनच फटकारे, पण त्यांनी सगळा माळ जिवंत झाला.

शाळेपासून ऐकत आलोय, १६८२ मध्ये मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि किल्ला वर्षानुवर्षं हाती लागला नाही. तीन तास त्या कड्यावरून नजर फिरवल्यावर ती गोष्ट मला पहिल्यांदा खरी वाटली. नजरेलासुद्धा वर चढायला कुठे खाच सापडत नव्हती.

अकरा वाजले तेव्हा ऊन थेट डोक्यावर येऊ लागलं होतं आणि समोरच्या कड्याची सावली पार आकसून गेली होती. माझ्या कागदावर मात्र ती अजून लांब पसरलेली. गुरं घेऊन जाणारे एक आजोबा मागे येऊन थांबले. काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग डोंगराकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे.

"ताई," ते म्हणाले, "हे सकाळचं काढलंय ना? सात-साडेसातचं?"