शेरास सव्वाशेर

मराठीत शेर दोन (जंगलातला आणि गझलेतला सोडून!). एक वजनाचा, एक मापाचा. वजनाचा पक्का शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या हिशेबात साधारण ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे एक मण. मापाचा शेर म्हणजे चक्क एक भांडं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण. म्हणजे एका मणात ४० शेर, तर दुसऱ्यात ६४! नावं तीच, पण एक सांगतो वस्तू किती जड आहे आणि दुसरा सांगतो तिला जागा किती लागते. त्यातून मापाचा शेर सगळीकडे सारखा नव्हताच. मुलूख बदलला की पायली बदलायची.

१९५६ च्या कायद्याने किलो-लिटर आले आणि हा घोळ कागदोपत्री मिटला. आमच्या घरात मात्र तो आजीच्या वहीत शिल्लक होता.

आजी गेल्यावर तिची वही माझ्याकडे आली. भाचरं-पुतणे आता पुणे, बंगळूर, न्यू जर्सी असे पांगलेत आणि सगळ्यांनाच तिचे पदार्थ हवे असतात, म्हणून वही टाइप करायला घेतली. आता तिला विचारायची सोय नाही, तेव्हा जे लिहीन तेच पुढच्यांसाठी खरं ठरणार. अनारशांच्या पानावर गाडी अडली. तिथे एवढंच: तांदूळ १ शेर, गूळ १ शेर. न्यू जर्सीच्या भाचीने दिवाळीला तिकडच्या कपाने तांदळाचं पीठ आणि किसलेला गूळ सारखाच घेतला होता. अनारसे तुपात सोडल्याबरोबर हसले. "मावशी, आजीचं प्रमाणच चुकलंय का गं?"

कपाला जड-हलकं कळत नाही. २४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते, मैदा १२०-१२५ ग्रॅम आणि चुरमुरे जेमतेम १५-२०. किसलेला गूळ तर सगळा भरणाऱ्याच्या हातावर! अलगद भरला तर एक वजन, दाबून भरला तर कितीतरी जास्त. आणि गूळ जास्त झाला की अनारसा हसणारच.

शेवटी धाकट्या काकूला फोन केला. ती म्हणाली, "अगं, गुळाची ढेप मापात कशी मावेल? तांदूळ मापाने, गूळ तराजूने!" एकाच ओळीतले दोन शेर वेगळे होते. आजीला ते लिहायची गरजच वाटली नसणार. काकूकडे आजीचं शेराचं माप अजून आहे. तिने सपाट भरून तांदूळ वजन केले, ९१० ग्रॅम भरले. म्हणजे वजनाला जवळजवळ बरोबरीचा गूळ. शीग लावली तर मात्र हजाराच्या वर.

मग वजन तेवढं खरं आणि माप खोटं? तसं मुळीच नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, यात वाटी कुठलीही चालते, फक्त दोन्हीला तीच हवी. वस्तू दाबली जात असेल किंवा पैसे मोजायचे असतील, तिथे वजन बरं. तेलाचंच बघा. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना ८९२.६. म्हणून २०२२ मध्ये सरकारने तेल कंपन्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख न करता लिटर लिहा आणि सोबत वजनही लिहा.

मापात माणसाचा हात असतो, हीच त्याची खोड आणि हाच त्याचा गुण. देताना सपाट आणि घेताना शीग लावणाऱ्यांमुळेच 'मापात पाप' हा शब्द आला असेल. आजी उलट करायची. शेजारून उसनी आणलेली साखर त्याच वाटीने, पण शीग लावून परत जायची. तराजूने कोणी किती मनापासून दिलं हे कळत नाही.

असो. टाइप केलेल्या वहीत अनारशांपुढे आता ग्रॅम आहेत आणि भातापुढे वाटी तशीच ठेवली आहे. तुमच्याकडे जुनं मापटं किंवा शेर असेल तर तांदूळ सपाट भरून वजन करा आणि गावाच्या नावासकट मला कळवा. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवीन.