उतरणीचा सराव

शरीरसौष्ठवात किताब जिंकणारा पोरगा त्या संध्याकाळी आमच्या अख्ख्या व्यायामशाळेतला सगळ्यात अशक्त माणूस असतो. मैदानात शिट्ट्या मारणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. पण दिव्यांखाली चमकणाऱ्या त्या पीळदार देहात चरबी चार-पाच टक्केच उरलेली असते, मीठ तुटलेलं असतं, पाणी घोटांवर आलेलं असतं. एरवी हसतखेळत मारतो त्याच्या निम्मं वजन हातात दिलं तरी तो डगमगेल. आणि याच अवस्थेत सात ठरलेल्या पोझ मारताना त्याने चेहऱ्यावर हसू ठेवायचं असतं.

गेली कित्येक वर्षं मी लालबाग-परळची पोरं स्टेजवर उभी करतोय. लोकांना वाटतं, कोच म्हणजे वजनं मारायला लावणारा माणूस. वजनं तर पोरं आपापली मारतात. आमचं खरं काम शेवटच्या आठवड्यातलं. आधी भात-रताळं तोडायचं, स्नायू रिकामे करायचे, मग शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा भरायचे. स्नायूत साठलेलं एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी ओढून धरतं, म्हणून स्नायू टचटचीत भरतो. वेळ साधली तर पाठीवरची प्रत्येक शीर मोजता येते. चुकली तर पोरगा एक तर सपाट दिसतो, नाहीतर कातडीखाली पाणी धरतो आणि वर्षभर गाळलेला घाम झाकला जातो.

कधी स्टेजच्या मागे येऊन बघा. ताडपत्रीवर पोरं पाठीवर पडलेली, पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर टाकलेले, घसा कोरडा म्हणून ओठांवरून ओला कापूस फिरवतायत. कुणी मध चाटतोय, कुणी गुळाचा खडा चघळतोय. टॅन फासलेलं अंग भिंतीला लागू नये म्हणून भाऊ टॉवेल धरून उभा. गटाचं नाव पुकारलं की पंपिंगची झुंबड उडते. रबर ओढायचा, जोर काढायचे, पण मांड्यांना हात लावायचा नाही. मांडी पंप झाली की तिचं कटिंग जातं. मग आत माइकवरून आवाज येतो, ‘नंबर सात आणि नंबर बारा, जागा बदला,’ आणि प्रेक्षकांतून आम्ही घसा फाडून ओरडतो, ‘पोट आत! मांडी दाब! हस रे, हस!’

हे वेड गिरणगावाला जुनं आहे. चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली, कोपऱ्यात मारुतीची तसबीर, नाममात्र वर्गणी. आमच्या व्यायामशाळेतला जुना बार गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उतरवलेला होता. पहिल्या पाळीचे कामगार दुपारी यायचे, दुसऱ्या पाळीचे पहाटे. तिकडे दादरला शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून पोरांना मल्लखांबावर चढवत होतं, इकडे आम्ही लोखंड उचलत होतो. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांसोबत रोजचा पगारही गेला. व्यायामशाळा राहिल्या, पण त्यांच्यामागे उभं असलेलं घर खचलं. या खेळात घरच आधी भरडतं. दिवसाला वीस-पंचवीस अंड्यांचं पांढरं पोरगा एकटा खातो. पिवळ्या बलकांची भुर्जी बाकीच्यांच्या ताटात महिनोन् महिने पडते आणि आई म्हणते, ‘मुंबई श्री होऊ दे बाबा एकदाचा, मग भाजी करते.’

मुंबई श्री झाला की महाराष्ट्र श्री, मग भारत श्री, त्यापुढे आशिया आणि मिस्टर युनिव्हर्स. ही चढण आम्हाला तोंडपाठ आहे. कोल्हापूरचा सुहास खामकर 2010 मध्ये मिस्टर एशिया झाला, 2012 मध्ये संग्राम चौगुलेने मिस्टर युनिव्हर्सचं सोनं आणलं, तेव्हा आमच्याकडच्या आरशांवर त्यांचे फोटो चिकटले. आशीष साखरकर तर मुंबईचाच, आमच्यातला. चार वेळा मिस्टर इंडिया, मिस्टर युनिव्हर्समध्ये रौप्य आणि कांस्य, शिवछत्रपती पुरस्कार. जुलै 2023 मध्ये आजारपणात तो गेला, चाळिशी नुकती कुठे ओलांडली होती. त्याच्या आजाराबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण त्या आठवड्यात मुंबईतले आम्ही कोच एकमेकांना भेटलो की आपण पोरांना नक्की काय शिकवतो, यावरच गाडी यायची.

आम्ही चढायला शिकवतो. उतरायला कोण शिकवतो?

स्पर्धा संपते त्या रात्री पोरगा वडापाव, जिलेबी, बिर्याणी, दिसेल ते खातो. दोन दिवसांत घोट्यांवर सूज, चेहरा फुगलेला, आठवड्यात आरशासमोर जाववत नाही. काही जण मग पुढच्या स्पर्धेआधी पाणी काढायच्या गोळ्यांकडे वळतात. त्या गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं आणि हृदयाचा ठोका त्या पोटॅशियमवर चालतो. 1992 मध्ये मोमो बेनाझिझा हॉलंडमधली ग्रां प्री जिंकला आणि काही तासांत गेला. एवढा मोठा व्यावसायिक खेळाडू, हाताशी सगळं असलेला. इथे तर पोराच्या हाताशी फक्त नाक्यावरचा सप्लिमेंटवाला असतो.

दुसरं टोकही आहे. 1952 चा मिस्टर युनिव्हर्स मनोहर आईच, बंगालचा, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. म्हातारपणीही व्यायाम सोडला नाही आणि 2016 मध्ये गेला तेव्हा वय 104. त्याचं सगळं आपल्याला जमेल असं नाही. पण किताबानंतरही चौसष्ट वर्षं शरीर वापरायचं असतं, एवढं तरी त्याच्याकडून कळतं. आमच्या खेळात बहुतेकांचा भर तिशीच्या आसपासचा. पुढे कुणाला सरकारी नोकरी मिळते, कुणी जिममध्ये ट्रेनर होतो, आणि बऱ्याच जणांच्या हाती ट्रॉफ्यांनी भरलेलं कपाट तेवढं उरतं.

म्हणून आता माझ्याकडे एक नियम आहे. स्पर्धेचा फॉर्म आणणाऱ्या पोराने सोबत दोन कागद आणायचे. एकावर रक्ताचे रिपोर्ट, यकृत आणि किडनीचे आकडे धरून. दुसऱ्यावर स्पर्धेनंतरच्या तीन महिन्यांचं जेवण, व्यायाम आणि पोटापाण्याचं काय करणार ते, त्याच्या अक्षरात. दोन्ही नसतील तर सही मिळत नाही. पोरं कुरकुरतात. ‘सर, आधी जिंकू तरी द्या,’ म्हणतात. काही जण फॉर्म उचलून पलीकडच्या जिममध्ये जातात, तिथे सही लगेच होते, आणि त्यातला एखादा गटविजेताही होतो. तसं झालं की संध्याकाळी व्यायामशाळेत माझी खेचतात. खेचू देत. सही तरीही कागद बघूनच होईल.