दोन मिनिटांचें मौन

क्रीडांगणावर पाळल्या जाणाऱ्या मौनाविषयीं माझें मत फारसें चांगलें नव्हतें, हें आरंभींच सांगून टाकतों. बाहीवर काळी फीत, ओळीनें उभे राहिलेले दोन संघ, आणि मौन सुटतांच पुन्हां तोच गलबला! शोक इतक्या वक्तशीरपणें कसा आटोपतो, याचें मला हसूं येई.

आमच्या आंबीहून गहुंजें फार दूर नाहीं. दोन्ही गांवें मावळांतलीं. आंबी इंद्रायणीकांठीं, गहुंजें पवनेकांठीं. तेथील क्रिकेटचें मैदान २०१२ मध्यें सुरू झालें. अलीकडे एका सामन्याला मी पवन मावळांतल्या एका शेतकरी स्नेह्याबरोबर गेलों होतों. दूरच्या कुठल्याशा अपघातांत दगावलेल्यांसाठीं सारे उभे राहिले, आम्हीही राहिलों. खालीं बसतांना तो हळूच म्हणाला, "मास्तर, आपल्या तिघांसाठी हितं कधी उभं राहिले का हो?"

ते तिघे कोण, हें मावळांत सांगावें लागत नाहीं. पवना धरणाचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं शेतकऱ्यांनीं बऊर येथें द्रुतगती मार्ग अडविला. पोलिसांच्या गोळीबारांत तिघे मेले. त्यांत एक बाई होती. तोच रस्ता या मैदानाजवळून जातो. मला उत्तर सुचलें नाहीं. दूरच्या मृतांचा आपल्यावर कांहीं दावा नसतो. या तिघांसाठीं उभें राहावें, तर पाणी कोणाचें, हा प्रश्नही शेजारीं येऊन उभा राहतो.

पाण्यापायींच या मैदानाला एकदां खरोखर गप्प बसावें लागलें होतें. २०१६ च्या दुष्काळांत मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी १२ एप्रिलला लातुरास पोंचली. दुसऱ्याच दिवशीं मुंबई उच्च न्यायालयानें आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितलें. शुद्ध केलेलें सांडपाणी वापरूं, दुष्काळनिधीला पैसे देऊं, असें आयोजकांनीं सांगून पाहिलें. पुढें १ मेचा तेवढा एक सामना गहुंज्यास झाला आणि पुण्याच्या संघाचे बाकीचे घरचे सामने विशाखापट्टणमला गेले.

परततांना मीं ही गोष्ट काढली. "त्यानं लातूरला घागरभर तरी पाणी गेलं का?" स्नेह्यानें विचारलें. गेलें नसावें. उलट सामन्याच्या दिवशीं चार पैसे मिळविणारे चहावाले, वडेवाले मात्र बुडाले असतील. तरीही मला तें मौन काळ्या फितीहून बरें वाटतें. फितीला वीतभर कापड पुरतें. त्या खेपेस पैसेवाल्यांनाही थोडी झळ लागली. हें त्याला पटलें नाहीं.

पुढच्या सामन्याला आम्ही पुन्हां गेलों. त्या दिवशींही मौन होतें. कोणासाठीं, तें आतां आठवत नाहीं. मौन सुटलें, सारे बसले, खेळ सुरू झाला. हा आपला टोपी हातांत घेऊन उभाच. मागचे लोक "ओ काका, खालीं बसा!" म्हणून ओरडूं लागले. मीं त्याचा सदरा ओढण्यासाठीं हात पुढें केला, आणि तसाच मागें घेतला.