विजेच्या मोटारींचा पाणवठा

प्रवास म्हटला कीं मुक्काम आला, आणि मुक्काम आला कीं चार अनोळखी माणसांचा शेजार आला. बैलगाड्यांच्या काळीं वाटेवरील विहीर किंवा नदीचा उतार हें असल्या शेजाराचें ठिकाण असे. ज्याचे बैल आधीं येत त्यांना पाणी आधीं मिळे. परंतु बैलांचें पाणी झाल्यावर कोणी गाडी तेथेंच आडवी सोडून झाडाखालीं निजला, तर मागचे गाडीवान त्यास उठविल्यावांचून राहत नसत. हा नियम कोणत्याही पोथींत लिहिलेला नव्हता, पण ज्याला त्याला ठाऊक होता. पुढें आगगाडी आली, एस्. टी. आली, पेट्रोलच्या मोटारी आल्या, आणि वाटेवर थांबण्याचा काळ पांच मिनिटांवर येऊन ठेपला. पांच मिनिटांत ओळख ती काय होणार, आणि भांडण तरी किती रंगणार! आतां विजेच्या मोटारींनीं तो जुना पाणवठा पुन्हां रस्त्यावर आणून ठेविला आहे. त्याच्या चालीरीति मात्र अजून मागेंच राहिल्या आहेत, असें आम्हांस सन २०२४ च्या दिवाळींत पुणें-कोल्हापूर मार्गावर दिसून आलें. जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या ज्येष्ठ बंधूंचें बिऱ्हाड कोल्हापुरास आहे, व दिवाळी सर्वांनीं तेथें एकत्र करावी असा घरचा प्रघात आहे. धनत्रयोदशीस, म्हणजे २९ ऑक्टोबर रोजीं, धाकटे चिरंजीव, सूनबाई, नातू, आमचें कुटुंब आणि आम्ही असे पांच जण चिरंजीवांच्या नव्या विजेच्या मोटारीनें निघालों. अंतर सुमारें २३० किलोमीटर. मोटारीच्या बॅटरींत ४० युनिट वीज मावते. एका युनिटास सहा-सात किलोमीटर धरले तर हिशेब अडीचशेंच्या आंतबाहेर येतो. कागदावर मोटार कोल्हापुरास पोहोंचते खरी. परंतु पांच माणसें, फराळाचे डबे, वातानुकूलन आणि वाटेंतला खंबाटकीचा घाट, हीं चार कारणें कागदास ठाऊक नसतात.

घाट चढतांना नातवानें समोरच्या पडद्यावरील टक्क्यांचा आंकडा मोठ्यानें वाचण्यास आरंभ केला. चढणीवर आंकडा भराभर उतरत होता. माथा ओलांडून मोटार उतारास लागली तेव्हां एक टक्का परत चढला. उतारावर चाकेंच उलट मोटरला फिरवितात, तीच मग जनित्राचें काम करते आणि बॅटरींत वीज परत जाते, असें चिरंजीवांनीं त्यास समजावून दिलें. खर्चिलेलें सगळें परत मिळत नाहीं, पण थोडें मिळतें, हा घाटाचा धडा आम्हांस आवडला. त्या दिवशीं साताऱ्यापुढें एका हॉटेलाच्या आवारांत थांबलों. यंत्र रिकामें होतें. चहा आणि कांदाभजीं होईपर्यंत काम उरकलें.

परतीचा दिवस निराळा उगवला. भाऊबीज रविवारीं झाली आणि सोमवारीं, ४ नोव्हेंबरला, अवघा दक्षिण महाराष्ट्र पुण्याकडे तोंड करून निघाला. सातारा आणि उंब्रज यांच्या दरम्यान त्याच हॉटेलाशीं आम्ही दीडच्या सुमारास आलों, तों आवारास जत्रेची कळा आलेली. या स्थळास शुद्ध भाषेचे अभिमानी ‘विद्युत्‌भरणकेंद्र’ म्हणोत. लोक त्यास नुसतें ‘चार्जिंग’ म्हणतात, आणि मोटारीस लावावयाच्या जाड मुठीस ‘गन’ म्हणतात. तेथें दोन यंत्रें होतीं. एकावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटविलेला. दुसऱ्यास दोन गन, आणि दोन्ही गुंतलेल्या. पुढें तीन मोटारी खोळंबलेल्या, चौथे आम्ही. बंद यंत्रासमोरच्या जागेंत एक पेट्रोलची मोटार केवळ सावली पाहून विसावली होती.

येथें थोडें गणित सांगितल्यावांचून पुढील हकीकत नीट समजणार नाहीं. हें यंत्र ६० किलोवॅटचें. दोन मोटारी लागल्या कीं प्रत्येकीच्या वांट्यास ३० येतात. वीस टक्क्यांवरून ऐशीं टक्क्यांपर्यंत जावयाचें म्हणजे ४० युनिटांच्या बॅटरींत २४ युनिट भरावयाचे. त्यास ४८ मिनिटें लागतात. घरच्या ३.३ किलोवॅटच्या साध्या जोडणीवर याच कामास सात तासांहून अधिक वेळ लागेल, म्हणून या यंत्रांचें अगत्य. परंतु ऐशींच्या पुढें बॅटरी आपण होऊन वीज सावकाश घेऊं लागते. हंडा कांठोकांठ येऊं लागला कीं आपण नळ बारीक करतों, तसाच हा प्रकार. शेवटच्या वीस टक्क्यांस पुष्कळदां आधींच्या साठांइतका वेळ लागतो. तेव्हां ऐशींवर न थांबणारा मनुष्य थोड्याशा विजेसाठीं मागच्या एका संपूर्ण कुटुंबाची पाळी खात असतो.

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें नव्हे. मोटारींत वीज भरून देणें ही वीजविक्री नसून सेवा आहे, तीस निराळा परवाना नको, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें एप्रिल २०१८ मध्यें केला. त्यामुळें हॉटेलवाल्यांनाही आपल्या आवारांत यंत्रें बसविण्याची वाट मोकळी झाली. हमरस्त्यावर दर २५ किलोमीटरांस एक तरी केंद्र असावें, अशी मार्गदर्शक सूत्रें त्याच मंत्रालयानें घालून दिलीं. पुढें ऑगस्ट २०२५ पासून महाराष्ट्रांत अटल सेतूवर विजेच्या मोटारींचा पथकरही माफ झाला. उत्तेजन मिळालें तशा मोटारी वाढल्या. परंतु दोन केंद्रांतलें अंतर सूत्रानें ठरवितां येतें. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं एका गनमागें किती माणसें उभीं राहतील, व तीं कशीं वागतील, हें कोणत्या सूत्रानें ठरवावें?

दोनच्या सुमारास मागून एक मोटार आली. चालविणारा तिशीचा तरुण रांगेकडे न पाहतां थेट यंत्रापाशीं गेला, तेव्हां दोघेतिघे ओरडले, “ओ दादा, लाइन आहे!” तो हात जोडून म्हणाला, “लाइन मोडायला नाहीं आलों, काका. आजीला सहा वाजतां पुण्यांत डायलिसिसला न्यायचंय. गाडींत बाराच टक्के राहिलेत.” कराडाजवळच्या ज्या यंत्राच्या भरंवशावर ते निघाले होते, तें बंद निघालें होतें.

मागच्या आसनावर सत्तरी उलटलेल्या एक आजी उशीस टेकून बसल्या होत्या. पायांवर सूज, हातावर सुयांच्या खुणा. आठवड्यांतून तीन वेळां त्यांचें रक्त यंत्रानें शुद्ध करावें लागे. दोन वेळांच्या मधली सवड साधून त्या वाळवें तालुक्यांतील माहेरीं गेल्या होत्या. ऐशीं वर्षांच्या भावास ओवाळल्यावांचून दिवाळी व्हावयाची नाहीं, असा त्यांचा हट्ट. आमच्या कुटुंबानें पाण्याचा पेला पुढें केला तेव्हां त्यांनीं दोनच घोट घेतले. जास्त पाणी पिण्याची त्यांस मुभा नव्हती. “पोराला माझ्यापायीं त्रास,” त्या हळूच म्हणाल्या, “पण बाई, पुढच्या भाऊबीजेचं कोणीं सांगावं?”

दोन गनांपैकीं एकीवरच्या मोटारीस अडतीस टक्केच झाले होते; तींत तान्हें मूल घेऊन एक जोडपें बसलें होतें. दुसऱ्या गनवरील मोटार ९१ टक्क्यांवर होती, पण धनी बेपत्ता! मोटार कुलूपबंद असली कीं गनही आंतून अडकून राहते. परक्यास ती काढतां येत नाहीं. कांचेवर दूरध्वनीचा आंकडा नाहीं, चिठ्ठी नाहीं. शेवटीं हॉटेलांतील पोऱ्यानें पंगतींतून मोटारीचा नंबर पुकारीत फेरी मारली, तेव्हां एक टापटिपीचे गृहस्थ रुमालानें हात पुसत बाहेर आले. सगळें ऐकून घेऊन ते म्हणाले, “मी शंभर टक्क्यांचे पैसे भरलेत. होईपर्यंत गन माझी.” त्यांचें म्हणणें नियमबाह्य होतें असें नाहीं, कारण आवारांत तशी पाटीच नव्हती. आवाज चढूं लागले. कोणीतरी त्यांच्या शिक्षणाचा उद्धार केला, व त्यामुळें ते अधिकच ताठ झाले.

त्या वेळीं आमच्या सौभाग्यवती पुढें झाल्या. “भाऊ, जायचंय कुठं तुम्हांला?” ‘पुण्यास’ असें उत्तर आलें. “म्हणजे एकशेंतीस किलोमीटर. आमचा नातू सांगतो, तेवढ्याला साठ टक्के पुरतात. तुमच्यापाशीं एक्क्याण्णव आहेत. घरीं प्लग असेलच. मग वरचे नऊ इथूनच कशाला न्यायचे? त्या गाडींत कोण बसलंय तेवढं एकदां बघून या, आणि मग तुमच्या मनाला येईल तसं करा.” गृहस्थ गेले, खिडकींतून आंत पाहिलें, आजींनीं त्यांस नमस्कार केला. ते कांहींएक न बोलतां परत आले, कुलूप उघडलें, गन काढली आणि तरुणाची मोटार मागें घेतांना दिशा दाखवावयास स्वतः उभे राहिले.

तथापि गन मोकळी झाली म्हणून पाळी आपोआप बदलत नाहीं. चिरंजीव त्या तरुणास म्हणाले, “आम्ही एकटे तुला पुढें सोडूं शकत नाहीं. आमच्या पुढें तिघे आहेत, प्रत्येकाला विचार.” त्यानें प्रत्येकास विचारलें. दोघांनीं तत्काळ होकार दिला. रांगेंत पहिले असलेले व्यापारी मात्र घड्याळाकडे पाहत राहिले. त्यांस तीन वाजतां साताऱ्यास एका गिऱ्हाइकाची गांठ घ्यावयाची होती, आणि ती चुकली तर सौदा दुसरीकडे जाण्याचा संभव होता. क्षणभरानें त्यांनीं मोबाइल काढला, ‘उशीर होतोय’ एवढेंच कोणास तरी कळविलें आणि म्हणाले, “लाव.” इतरांनीं वेळ दिला, या गृहस्थांनीं पदरची वस्तु दिली. परोपकाराचें मोल देणाऱ्यास काय पडलें यावरून करावयाचें, तर त्या आवारांतलें सर्वांत मोठें दान त्यांचें होतें, असें आम्ही समजतों.

तरुणानेंही त्या दानाचा मान राखला. चाळीस मिनिटांत आंकडा साठावर येतांच त्यानें आपण होऊन गन काढली. व्यापारी म्हणाले, “आणखी दहा घेऊन ठेव.” तो म्हणाला, “पुरतील, काका. आतां तुमचा नंबर.” रात्रीं आठ वाजतां चिरंजीवांच्या मोबाइलवर त्याचा निरोप आला: पावणेसहाला पोहोंचलों, आजी यंत्रावर आहेत.

परदेशांतही या अडचणी नव्या नाहींत. टेस्ला या अमेरिकन कंपनीनें डिसेंबर २०१६ मध्यें असा नियम केला कीं, बॅटरी भरल्यावर मोटार यंत्रापाशीं अडवून ठेवणाऱ्याकडून मिनिटावारी आकार घ्यावा. नॉर्वेंत सन २०२४ सालीं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत शेंकडा ८८ हून अधिक विजेच्या होत्या. आज तेथें जो प्रश्न आहे तो उद्यां आपल्या दारीं येणार. दंडाची योजना आपल्याकडेही असावी. पण दंड पैसे मोजणाऱ्यास आवरतो. ज्याला पैशाची पर्वा नाहीं त्याला घरचें वळणच आवरूं शकेल. म्हणून ज्या घरांत अशी मोटार आली असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं पुढील आचार मुलासुनांच्या कानीं घालावे.

निघण्यापूर्वीं रात्रीं घरींच बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. वाटेवरचें यंत्र वाटसरूंसाठीं आहे. रांगेस येतांच ‘शेवटचें कोण?’ असें विचारून आपली जागा निश्चित करावी. मोटार सोडून फराळास जावयाचें असेल तर कांचेच्या आंत आपला दूरध्वनीचा आंकडा ठळक लिहून ठेवावा. मागें कोणी उभें असल्यास ऐशींवर थांबावें. पुढचें केंद्र खरोखरच दूर असेल तर तसें मागच्यास सांगावें, म्हणजे तो राग धरणार नाहीं. काम होतांच जागा मोकळी करावी आणि केबल गुंडाळून जागच्या जागीं अडकवावी, चिखलांत टाकूं नये. यंत्र बंद आढळल्यास ॲपवर तशी नोंद करावी. ती न केल्यानें मागून येणाऱ्यावर काय प्रसंग येतो, तें वर सांगितलेंच आहे. पेट्रोलच्या मोटारीनें त्या जागेची सावली पाहूं नये. आणि कोणावर खरी निकड आली असतां रांगेंतील प्रत्येकाची संमति घेऊन त्यास पुढें जाऊं द्यावें. एकानें दुसऱ्याच्या पाळीवर उदार होऊं नये.

यंत्रांची संख्या वाढेल, त्यांचा वेगही वाढेल. तरीही सणावारीं गर्दी व्हावयाचीच. पाटी लागेपर्यंत आणि दंड बसेपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. येत्या सुट्टींत ज्यांना या रस्त्यांनीं जावयाचें आहे, त्यांनीं निघण्यापूर्वीं एक कोरा कागद आणि पेन मोटारींत ठेवावें, आणि त्यावर आपला नंबर लिहिण्याचें काम नातवंडांकडे सोंपवावें. मुलांना असलीं कामें आवडतात, आणि लहानपणीं हातास लागलेलें वळण पुढें कोणास शिकवावें लागत नाहीं.