निद्रेची तजवीज

झोप ही कोणाच्याही हुकमाने येणारी वस्तू नव्हे, हे मला अलीकडे रोज रात्री अधिकाधिक पटत चालले आहे. ‘नीज आता’ असे फर्मान सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर मूल अधिकच टक्क जागे होते, आणि अंथरुणावर स्वतःलाच तशी ताकीद देणाऱ्या प्रौढाचीही तीच गत होते. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना देहाचे उपस्तंभ मानणाऱ्या चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अनिद्रेवर जी तजवीज सांगितली आहे, तीत अभ्यंग, स्नान, दूध, मनास रुचणारे गंध आणि शब्द यांची गणना आहे. बळजबरीला तीत स्थान नाही. आमच्या घरी तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवण्याचा शिरस्ता अद्याप चालू आहे, आणि त्या मंद, एकसुरी घर्षणाने थोरांचेही डोळे मिटू लागतात.

तान्ह्या मुलाविषयी मात्र जपानी संशोधकांचे २०२२ सालचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: रडणारे मूल उचलून ५ मिनिटे न थांबता चालावे, आणि ते निजल्यावरही लगेच पाळण्यात न ठेवता आणखी ५ ते ८ मिनिटे घेऊन बसावे, कारण आईच्या देहापासून विलग होऊ लागताच त्याच्या हृदयाची गती वाढते. दिवसभर राबलेल्या आईवरच हा सारा भार टाकणे हा उघड अन्याय होय. घरातील पुरुषांनो, आज रात्री मूल तुम्ही खांद्यावर घ्या आणि तिला आधी निजू द्या.