आत्या कुरवंड्यास जाते

लोणावळ्यास पाच-पंचवीस वेळा जाऊन आलेल्या माणसाला 'कुरवंडे पाहिलेत का?' असे विचारावे. चिक्कीच्या पुड्यावरची नजर उचलून तो क्षणभर विचारात पडतो. नागफणीचे नाव काढताच मात्र त्याची ओळख पटते. बोरघाट चढताना आभाळात घुसलेला तो काळाकभिन्न सुळका कोणाच्या नजरेतून सुटला आहे? इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, आपल्याला नागाचा फणा दिसला. ज्याची त्याची दृष्टी! त्या फण्याच्या पाठीमागे, पठारावर जे गाव वसले आहे ते कुरवंडे.

गाव आज आडबाजूचे वाटते. पण घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी एक जुनी वाट येथूनच खाली जाते. १६६१ साली कारतलबखान आपली फौज घेऊन याच कुरवंडे घाटाने उतरला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कसे कोंडले, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. चाकाची ती वाट नव्हे. बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांची आणि माणसाच्या पायांची. चाक सह्याद्री चढू लागले ते शेजारच्या बोरघाटात, १८३० साली माल्कमसाहेबाच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला तेव्हा. १८६३ साली तेथेच आगगाडी आली, आणि कुरवंड्याची वाट गुराख्यांपुरती व डोंगरभटक्यांपुरती उरली.

या गावाशी आमच्या घराचा संबंध आत्यामुळे. तरुणपणी ती कुरवंड्याच्या शाळेत मास्तरीण होती. पावसाळ्यात तेथे धुके असे दाटे की फळ्यावरची अक्षरे पहिल्या बाकावरच्या मुलालाही दिसत नसत. मग आत्या पाढे म्हणून घेई. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि मणक्याचे हाड दबले. तेव्हापासून अर्ध्या तासावर बसणे नाही. रिक्षाने कोपऱ्यावर जायचे तरी खड्ड्याखड्ड्याला तिच्या तोंडून 'अगाई' निघायचे. अशात तिने धोशा लावला, "मला एकदा कुरवंड्याला न्या."

डॉक्टरांनी हो म्हटले, पण अटी घातल्या. प्रवास आडवे पडून, पट्टे बांधून. आणि धक्का म्हणून बसता कामा नये. रुग्णवाहिका करा, असे सुचवले तर आत्या भडकली. "तिच्यातून मी एकदाच जाणार आहे, आणि ते कुरवंड्याला नव्हे!" म्हणाली.

तेव्हा माझ्या आतेभावाची, दादाची, गाडी पुढे आली. दादा नौदलात यंत्रविभागात होता. लोणावळ्याहून कुरवंड्यास जाताना ज्या आय.एन.एस. शिवाजीवरून रस्ता जातो, त्या १९४५ सालापासून चालत आलेल्या नौदलाच्या विद्यालयातच त्याचे शिक्षण झाले. निवृत्तीनंतर त्याने एक वापरलेली मिनीबस घेऊन तिचे चाकांवरचे घर करवून घेतले, आर.टी.ओ.चे सोपस्कारही यथासांग पार पाडले. अशा गाडीला आता कॅराव्हॅन म्हणतात; महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्या पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, लहानसे फ्रीज, सारे काही होते. नव्हती ती फक्त शांतता. पहिल्या फेरीत मी आत बसलो होतो. लग्नघरची सगळी भांडी एका पिंपात घालून ते जिन्यावरून लोटून द्यावे, तसे वाटले. धक्क्यांविषयी तर बोलायलाच नको.

दादाला त्याचे काहीच वाटले नाही. तो म्हणाला, "आवाज आणि धक्का या एका आजाराच्या दोन तक्रारी नव्हेत. एकेकाला वेगळे धरायचे." मी मराठीचा मास्तर, माझ्या दृष्टीने गाडीला चार चाके असतात आणि ती फिरतात, एवढेच यंत्रशास्त्र. पण त्या महिन्यात मी जे पाहिले ते सांगण्याजोगे आहे.

प्रथम आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. पुढची चाके वेगळी, मागची वेगळी अशी दोन वजने घेतली. मूळ बस भरगच्च प्रवाशांसाठी बांधलेली. तिच्या मागच्या कमानपाट्यांना तेवढे ओझे मिळाले तरच ते लवायचे. दादाने सामान हलके ठेवलेले, त्यामुळे पाटे ताठच्या ताठ, आणि चाकांत हवा मात्र भरल्या बसची. म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट बिछान्यापर्यंत जाणार. दादाने कंपनीचा तक्ता काढून वजनाप्रमाणे हवा उतरवली. कमानपाट्याच्या मिस्त्रीने वजनाचा कागद दोनदा वाचला आणि मागचा एक पाटा कमी केला. (वाचकांनी हा प्रयोग काट्यावर न जाता करू नये, पाटा तुटला तर घर रस्त्यावर येते, आणि तेही शब्दशः.)

मग पाण्याची टाकी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले! ती दोन आसांच्या मध्ये आणली. बिछानाही तेथेच आणला. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने डोके टपाला आपटून घेतले आहे, त्याला याचे कारण वेगळे सांगायला नको.

आम्ही खुशीत होतो. आत्याला घेऊन पाषाणपर्यंत एक फेरी मारली. धक्के खरेच गेले होते. पण ती उतरली तीच तोंडाला पदर लावून. "अरे, दणके परवडले. हा पाळणा नको," म्हणाली.

येथे मला एक नवी गोष्ट कळली. मनुष्यदेहाला उभे हादरे सर्वांत जास्त झोंबतात ते सेकंदाला चार ते आठ या बेताचे. शास्त्रज्ञांनी हे मोजून ठेवले आहे. पण हेलकावा फार मंद झाला, पाच सेकंदांत एक असा, तर पोट ढवळते. बोट लागते ती यामुळेच. तेव्हा गाडी मऊ करीत सुटणे हा उपाय नव्हे. पाटा धक्का झेलतो, पण झेलल्यावर तो आपला झुलत राहतो; त्याला आवरण्याचे काम शॉक-अ‍ॅब्झॉर्बरचे. ते जुने होऊन नुसते शोभेला उरले होते. चारही नवे बसवले, झिजलेली रबरी बुशे बदलली, आणि गाडी खाली बसून एकदाच वर येऊ लागली, शिस्तीच्या मुलासारखी.

आवाजाची कथा निराळी. दादा गाडी हाकी आणि मी बिछान्यावर पडून, हातात खडू घेऊन, कान देई. जेथे खडखड तेथे फुली. पहिल्या दिवशी सत्तावीस फुल्या झाल्या! ताटे एकमेकांवर, शेगडीची जाळी आपल्या खाचेत, कपाटाची दारे, खिडकीच्या काचा. घरातली एक जुनी गोधडी या कामी आली. तिचे तुकडे ताटांमध्ये गेले, कपाटांच्या कडांना फेल्ट लागले. पाण्याचा पंप व फ्रीज दादाने रबराच्या बैठकीवर बसवले. जहाजातले यंत्र सरळ पोलादावर ठेवले तर सारे जहाज तबल्यासारखे बोलते, हा त्याचा पहिला धडा. पत्र्याच्या जमिनीला आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पत्रा जड होऊन थरथरणे सोडतो. दारांची परीक्षा सर्वांत सोपी: फटीत कागद धरून दार लावायचे, कागद सहज ओढून निघाला तर तेथून वारा आणि गोंगाट आत येणार. आमच्या मागच्या दारातून सबंध दैनिक निघाले असते.

इतके होऊनही एक प्रश्न उरला. रस्ता कोणता? २००२ साली पुरा झालेला द्रुतगती मार्ग सपाट, पण काँक्रीटचा. आणि काँक्रीटच्या रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. दादाने आकडेमोड केली. ताशी ८० किलोमीटरने सेकंदाला पाच सांधे, म्हणजे नेमके देहाला झोंबणारे हादरे. शिवाय त्या मार्गावर आमच्यासारख्या मुंगीच्या पावलाच्या गाडीचे काम नाही. म्हणून जुना महामार्ग ठरला. त्याला गतिरोधक फार. पण ते दिसतात तरी, आणि दिसलेल्या शत्रूशी सलोखा करता येतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे निघालो. वेग चाळिशीच्या वर नाही. वडगाव, कामशेत मागे पडले. मागून कर्णे वाजत, लोक ओलांडून जाताना वळून पाहत. दादा सर्वांना हात करी. आत्या पट्टे बांधून पडली होती, डोळे छताकडे. लोणावळ्यात शिरताना मी विचारले, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बोलू नकोस. ऐकू दे." मी कान दिला. टायरांची सळसळ आणि टाकीतल्या पाण्याचे डुचमळणे, एवढेच होते.

भुशीचे धरण गेले, शिवाजीचे फाटक गेले. पुढचा अरुंद रस्ता तिने न उठता ओळखला. "आता उजवीकडे वळण, मग चढ," असे ती सांगे आणि गाडी तसे करी. गावात पोचल्यावर तिला हळूच बसते केले आणि खिडकी उघडली. कारवी वाळू लागली होती, गवत पिवळे पडले होते, समोर नागफणी. तिथवर चालणे आता तिच्याने होणार नव्हते, आणि तिने ते मागितलेही नाही. शाळेच्या ओट्यावर वीस मिनिटे बसली. पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ येऊन पाया पडला. आत्याने त्याला निरखून पाहिले आणि म्हणाली, "सतराचा पाढा आला का रे शेवटी?"

तोवर गावच्या बायकांनी गाडीचा ताबा घेतला होता. कपाटे उघडून झाली, शेगडी पेटवून चहाही झाला. आत्याने तो बिछान्यावर पडून बशीतून प्यायला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने एक वेदनाशामक गोळी घेतली. रोजही एकच घेते. आता वाईला जायचे म्हणते. दादाची मात्र एक फुली अजून पुसायची राहिली आहे. डाव्या वळणावर मागच्या बाजूला कोठेतरी 'टिक्' असा आवाज येतो, आणि गाडी उभी केली की बंद होतो. काल रात्री दहाला त्याचा फोन आला होता, खडू घेऊन ये म्हणून.